पालघर ते बोईसर : अंतर कुणाचं?

पालघर ते बोईसर रेल्वेने सुमारे १२ किलोमीटर. मधे एकच स्थानक, उमरोळी. पण हे झालं रुळावरचं अंतर.

या भागाचं जुनं तोंड समुद्राकडे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी किल्ला घेतला तो तारापूरचा. तेव्हा बोईसरला कोण विचारतो! १८६४ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचे रूळ मुंबईला पोहोचले. ते किनारा सोडून आतून गेले, आणि तारापूरला जाणारा माणूस बोईसरला उतरू लागला.

किनाऱ्याचा हिशेब मात्र निराळा. सातपाटी आणि मुरबे यांच्यात नुसती खाडी. होडी नसेल तर पालघर-बोईसरचा सगळा वळसा.

१९६९ मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथे सुरू झालं. नाव तारापूरचं, स्टेशन बोईसरचं. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. घरं किनाऱ्यापासून आत मिळाली. मला वाटतं, या परिसराच्या इतिहासातलं सर्वांत लांब अंतर हेच. नकाशावर ते जेमतेम दिसतं. पण मच्छीमाराला भरतीची वेळ सांभाळायची असते, त्याला ते रोज चालावं लागतं.

पुनर्वसनाचा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयात गेला. बोईसरहून चर्चगेट शंभरेक किलोमीटर आहे.