फोटोत होत्या, नावात नव्हत्या

सुताराला रंधा लागतो, शिंप्याला कात्री लागते. तशी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही अवजारं लागतात. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्रानं काय करायचं, कशानंतर काय करायचं, याच्या ओळीनं लिहिलेल्या सूचना. बँकेत गटाचा हप्ता भरला की मोबाईलवर संदेश येतो, तो अशाच सूचनांमुळे येतो. या सूचना लिहिणारे आज जी अवजारं वापरतात, त्यांतली काही बायकांनी घडवली आहेत. त्या बायकांची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. अमेरिकेत ‘कॉम्प्युटर’ हे तेव्हा यंत्राचं नाव नव्हतं. आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत, आणि या कामावर बहुतेक बायका असत. तोफेचा गोळा किती लांब जाईल, कुठे पडेल, याचे तक्ते सैन्याला हवे असत. एका गोळ्याचं गणित हातानं करायला कित्येक तास जात. म्हणून फिलाडेल्फिया शहरात, पेन्सिल्वेनिया विद्यापीठात, ‘एनिॲक’ नावाचं एक प्रचंड यंत्र बांधलं गेलं. वजन सुमारे ३० टन, आत जवळजवळ १८ हजार काचेच्या नळ्या.

यंत्र बांधणारे इंजिनियर पुरुष होते. पण त्याच्याकडून गणित करून घ्यायचं कोणी? त्यासाठी १९४५ साली सहा जणी निवडल्या गेल्या. कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिख्टरमन. शिकवायला कोणी नव्हतं, पुस्तक नव्हतं. यंत्राचे नकाशे समोर पसरायचे आणि त्यावरून समजून घ्यायचं. एकेका गणितासाठी शेकडो वायरी जोडायच्या, बटणं फिरवायची. हळूहळू त्यांना यंत्र इतकं कळलं की बिघाड झाला तर नेमकी कोणती नळी गेली हे त्या सांगू लागल्या.

चूक शोधायची त्यांची एक रीत होती. गणित चालू असताना मध्येच एका ठरावीक जागची वायर काढायची. यंत्र तिथे थांबायचं, आणि तोवरचा आकडा बरोबर आहे का हे बघता यायचं. दळण दळताना जातं थांबवून पीठ चिमटीत धरून बघावं, तसंच हे. या थांब्याला ‘ब्रेकपॉइंट’ हे नाव पडलं. आजही सॉफ्टवेअर लिहिणारे चूक शोधताना हाच ब्रेकपॉइंट वापरतात, नावही तेच.

फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिॲक लोकांना दाखवायचं ठरलं. दाखवायचं गणित जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी बसवलं. आदल्या रात्रीपर्यंत एक चूक सापडत नव्हती. गोळा जमिनीवर पडला तरी यंत्र थांबेना, गणित पुढे चालूच. सकाळी स्नायडर आल्या, एकच बटण फिरवलं आणि चूक गेली. कार्यक्रमात यंत्रानं गोळा खाली पडायला लागतो त्याहून कमी वेळात उत्तर दिलं. टाळ्या पडल्या, पेपरात बातम्या आल्या. रात्री मोठी मेजवानी झाली. या सहा जणींना तिचं आमंत्रण नव्हतं.

पुढे १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन नावाच्या एका विद्यार्थिनीनं एनिॲकचे जुने फोटो पाहिले. यंत्राजवळ बायका उभ्या होत्या, खाली त्यांची नावं नव्हती. या कोण, असं तिनं विचारलं. उत्तर मिळालं, यंत्र शोभून दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील, फ्रीजच्या जाहिरातीत असतात तशा. तिला ते पटलं नाही. तिनं शोध घेतला, त्या बायकांना गाठलं, त्यांच्या तोंडून सगळं ऐकून नोंदवून ठेवलं. १९९७ साली सहा जणींचा जाहीर सन्मान झाला. काम करून ५० वर्षं उलटली होती.

दुसरं अवजार ग्रेस हॉपर यांचं. यंत्राला फक्त आकड्यांची भाषा कळे, त्यामुळे सूचना लिहिणं फार किचकट होतं. १९५२ साली हॉपर यांनी ‘कंपायलर’ तयार केला. माणसानं सोप्या खुणांत लिहायचं, यंत्राच्या भाषेत उतरवायचं काम यंत्रानंच करायचं. सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. पुढे त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांत सूचना लिहिता येतील अशी भाषा केली. तिच्याच आधारानं १९५९ पासून ‘कोबोल’ ही भाषा घडली. ती घडवणाऱ्यांत एनिॲकवरच्या बेटी स्नायडरही होत्या. जगातल्या अनेक बँकांचे हिशेब अजूनही कोबोलवर चालतात.

तिसरं अवजार अलीकडचं, ‘गिट’. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी ते बनवलं. हजारो माणसं एकच सॉफ्टवेअर लिहीत असली की कोणी काय बदललं याचा गोंधळ होतो. गिट प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. कोणी केला, कोणत्या तारखेला, कितीच्या ठोक्याला, कशासाठी. जुनं पुसलं जात नाही, त्यावर नवं चढतं. एखादी ओळ कोणाच्या हातची, हे नंतर कधीही विचारता येतं. शिवाय बदल पक्का करण्याआधी दुसऱ्यानं तो वाचून बघायचा, अशी पद्धतही बहुतेक ठिकाणी आहे.

१९४६ साली अशी वही असती, तर ते शेवटचं बटण कोणी फिरवलं हे विचारायला कोणाला ५० वर्षं थांबावं लागलं नसतं.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या ठरावाच्या वहीतही सूचक आणि अनुमोदक असे दोन रकाने असतात. घाईत ‘सर्वानुमते’ लिहून ते कोरे सोडू नका. ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न कोणी मांडला, रेशनची यादी कोणी तपासली, हिशेबातली चूक कोणी पकडली, त्या बाईचं पूर्ण नाव तारखेसह लिहा. गटाचा फोटो काढलात तर मागच्या बाजूला उभ्या असलेल्या ओळीप्रमाणे सगळ्यांची नावं लिहा. पुढच्या बैठकीत वही उघडाल तेव्हा मागची चार पानंही बघा, आणि राहिलेली नावं आठवून भरा.