दात्याचे नाव आणि कारभाऱ्याचा हिशोब

दान गुप्तपणे करावे, ही प्रभूची आज्ञा (मत्तय ६:१-४) दात्याला उद्देशून आहे. दानाचा पैसा ज्यांच्या स्वाधीन होतो त्यांना तिचा आडोसा घेता येत नाही. तरीही मंडळीच्या सभेत कोणी जमाखर्चाविषयी विचारले की उजव्या-डाव्या हाताच्या वचनाकडे बोट दाखविले जाते. ही गल्लत नवी नाही.

पौलाने यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी जमविली, तेव्हा प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या प्राप्तीप्रमाणे स्वतःजवळच द्रव्य जमवून ठेवावे, असे त्याने सांगितले (१ करिंथ. १६:२). कोणी किती दिले, याची चौकशी त्याने केली नाही. परंतु ते द्रव्य पोहोचविण्याच्या बाबतीत तो अत्यंत सावध होता. तीताबरोबर त्याने आणखी दोन बंधू पाठविले. त्यांपैकी एक तर मंडळ्यांनीच निवडलेला होता. एवढ्या मोठ्या रकमेविषयी आपणांवर कोणी ठपका ठेवू नये, हे कारण त्याने स्वतःच दिले आहे (२ करिंथ. ८:१८-२१). प्रेषितालाही साक्षीदार आवश्यक वाटले, हे आम्हास महत्त्वाचे वाटते.

इ. स. २५३ च्या सुमारास नुमिदियातील (आजच्या अल्जीरियाच्या भागातील) ख्रिस्ती बंधुभगिनींना लुटारू टोळ्यांनी धरून नेले. त्यांच्या सुटकेसाठी कार्थेजच्या मंडळीने १,००,००० सेस्टर्स जमविले. बिशप सिप्रियनने ती रक्कम पाठविताना सोबत दात्यांची नावे जोडली. येथे नाव प्रकट झाले, हे खरे. पण ते सुटका झालेल्यांनी प्रार्थनेत स्मरावे म्हणून. त्या वेळी कार्थेजमध्ये आलेल्या इतर बिशपांनी स्वतःच्या व आपापल्या मंडळ्यांच्या वतीने दिलेल्या रकमाही त्याने वेगळ्या कळविल्या. अधिकारपदावरील माणसांनी दिलेल्या पैशाची नोंद झाली, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच शतकात सिरिया प्रांतात रचलेल्या 'दिदस्कालिया' या ग्रंथात मात्र निराळा सूर आढळतो. सामान्य विश्वासणाऱ्याने द्यावे, बिशपाने वाटावे. बिशपाकडून हिशोब मागू नये, तो देव घेईल. ग्रंथकर्त्याचा हेतू वाईट नव्हता. बिशपाने विश्वासू कारभारी असावे, असे तो कळकळीने बजावतो. परंतु दात्यासाठी असलेला पडदा येथे कारभाऱ्यावर ओढला गेला, असे म्हणावे लागते.

याचे परिणाम एदेसा येथे दिसले. थोमा प्रेषिताच्या अस्थींच्या परंपरेमुळे आपणांस परिचित असलेले हे नगर म्हणजे तुर्कस्तानातील आजचे उर्फा. तेथील बिशप इबास याच्याविरुद्ध त्याच्याच काही पाळकांनी ४४८ च्या सुमारास तक्रारी केल्या. त्यांत सिद्धांताविषयीचे आरोप होते, तसाच बंदिवानांच्या सुटकेसाठी जमविलेला पैसा व मंडळीची चांदीची पात्रे यांचा गैरवापर केल्याचाही होता. बंदिवानांसाठीचा पैसा कार्थेजलाही होता, एदेसालाही होता. एकीकडे त्याची नोंद प्रार्थनेचे साधन झाली, दुसरीकडे तो तंट्याचे कारण झाला. इबास दोषी होता असे आम्ही म्हणत नाही. ४४९ मध्ये सोर येथे समेट झाला. पण त्या समेटात त्याने दिलेले एक वचन बोलके आहे. यापुढे अंत्युखियाप्रमाणे एदेसाच्या मंडळीचे उत्पन्न पाळकवर्गातून नेमलेले कारभारी पाहतील, असे ते होते. निर्दोष माणसालाही आपले निर्दोषत्व दाखवावयास दुसऱ्याची साक्ष लागते, ती तोवर त्याच्याजवळ नव्हती.

पुढे लगेचच एफिस येथील सभेने त्याला पदच्युत केले आणि ४५१ मध्ये खल्केदोनच्या परिषदेने पुन्हा पदावर घेतले. त्याच परिषदेच्या २६ व्या नियमाने प्रत्येक बिशपाच्या मंडळीत पाळकवर्गातीलच एक कारभारी असणे बंधनकारक केले. कारभार साक्षीवाचून होऊ नये, मंडळीची मालमत्ता उधळली जाऊ नये आणि याजकपदाला दूषण लागू नये, ही कारणे नियमातच दिलेली आहेत. दात्यांच्या नावांविषयी त्यात एक अक्षरही नाही.

नियम झाला म्हणून तो पाळला गेला असे नाही. ३३६ वर्षांनी, ७८७ मध्ये, निकैया येथील दुसऱ्या परिषदेला तोच नियम पुन्हा घालून द्यावा लागला. या वेळी एक तरतूद वाढविली होती: बिशपाने कारभारी नेमला नाही तर त्याच्या महाबिशपाने नेमावा, आणि महाबिशपानेच टाळाटाळ केली तर कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपाने. मठांनाही हेच लागू करण्यात आले.