पाठीवरची शिवण: १९७४च्या कॉर्व्हेटचा मागचा बंपर

१९७४ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट मागून बघितली, की बंपरच्या बरोब्बर मधोमध एक उभी रेघ दिसते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गाडी ठोकलेली असणार आणि कुणीतरी दोन तुकडे जोडून वेळ मारून नेली असणार. तसं काही नाही. गाडी कारखान्यातूनच तशी आलेली आहे. १९७३च्या गाडीवर ही रेघ नाही, १९७५च्या गाडीवरही नाही. फक्त एका वर्षाच्या ३७,५०२ गाड्यांच्या पाठीवर ही शिवण आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली, की ती पुसण्याआधी कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे बघायचं, असा आमच्याकडे नियम असतो. या रेघेचा इतिहासही मी तसाच शोधायला लागलो.

१९७२पर्यंत कॉर्व्हेटला पुढे-मागे क्रोमचे बंपर होते. मागे तर दोन टोकांना दोन छोट्या चकचकीत पट्ट्या, बस्स. त्या दिसायला सुंदर, पण पार्किंगमध्ये कुणी हलकेच टेकलं तरी दिवा फुटणार आणि फायबरग्लासची बॉडी तडकणार. हे फक्त कॉर्व्हेटचं दुखणं नव्हतं. प्रत्येक गाडीचा बंपर वेगळ्या उंचीवर; एकाचा बंपर दुसऱ्याच्या दिव्यावर आदळायचा. दुरुस्तीची बिलं इन्शुरन्स कंपन्यांकडे जायची आणि पुढच्या वर्षी सगळ्यांचाच हप्ता वाढायचा.

मग अमेरिकी सरकारने नियम आणला. १९७३च्या मॉडेलपासून गाडी पुढून ताशी ८ किलोमीटर आणि मागून ४ किलोमीटर वेगाने भिंतीला धडकली, तरी दिवे, इंधनाची यंत्रणा वगैरे सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. १९७४पासून मागच्या बाजूलाही ८ किलोमीटरची अट लागू झाली. शिवाय बंपर जमिनीपासून ठरावीक उंचीच्या पट्ट्यात हवा: १६ ते २० इंच.

आता कॉर्व्हेटची वर्षं ओळीने लावून बघा. १९७२: पुढे क्रोम, मागे क्रोम. १९७३: पुढे युरेथेनचं मऊ, बॉडीच्याच रंगाचं नाक, मागे अजून क्रोम. १९७४: मागेही युरेथेन, पण दोन तुकड्यांत. १९७५: मागे युरेथेन, अखंड. सरकारी नियमाच्या तारखा गाडीच्या अंगावर अशा वाचता येतात. चार वर्षांत मागची बाजू दोन वेळा बदलली, आणि मधल्या एका पायरीचा पुरावा म्हणजे ती शिवण.

याच नियमाने त्या काळातल्या बाकीच्या स्पोर्ट्‌स गाड्यांचीही झोप उडवली होती. पोर्शेने १९७४च्या ९११वर बंपर आणि बॉडी यांच्यामध्ये काळ्या रबराचा हार्मोनियमच्या भात्यासारखा तुकडा बसवला. बंपर आत सरकला की भाता मिटणार. फट लपवण्याऐवजी त्यांनी तिलाच डिझाइन केलं. इंग्लंडच्या एमजीबीने त्याच वर्षी क्रोम काढून मोठे काळे बंपर चढवले. उंचीच्या अटीमुळे अख्खी गाडीच वर उचलावी लागली आणि ती वळणावर जास्त कलायला लागली. एमजीचे चाहते अजूनही त्या बंपरांना माफ करत नाहीत.

कॉर्व्हेटने तिसरा, सगळ्यात अवघड रस्ता धरला: बंपर आहे हे दिसूच द्यायचं नाही. बॉडी जिथे संपते तिथून त्याच रंगात, त्याच वळणात युरेथेन पुढे न्यायचं. आत एक दांडा, तो खास प्रकारच्या बोल्टांवर बसवलेला. धक्का बसला की हे बोल्ट स्वतःचा आकार बदलून जोर गिळतात. नंतर नवे घालायचे. कल्पना देखणी, पण बॉडी आणि बंपर एकसंध दिसायचे असतील, तर त्यांच्यामधली प्रत्येक मिलिमीटरची फट डोळ्यात खुपणार. भाता असता तर ती कुणाला दिसलीही नसती.

ही फट किती खुपते ते मी हाताने अनुभवलं आहे. मिशिगनमध्ये माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे १९७४ची कॉर्व्हेट आहे. मागच्या बंपरचा डावा अर्धा भाग खाली झुकलेला, वरची कड लाटेसारखी झालेली. युरेथेन म्हातारं होतं तसं आक्रसतं, कडक होतं, वाकतं. त्यांच्यापुढे दोन पर्याय होते. फायबरग्लासचं नवं आवरण घ्यायचं, जे सरळ असतं आणि सरळच राहतं. किंवा आहे तेच जुळवून घ्यायचं. मुलीकडे गाडी सोपवण्याआधी त्यांना हे ठरवायचं होतं. त्या शनिवार-रविवारी मी मदतीला गेलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की बंपर वाकडा दिसतो तेव्हा दोष बहुतेक वेळा बंपरचा एकट्याचा नसतो. आतला दांडा चॅसीला धरलेला असतो. वरचं आवरण बॉडीच्या कडेला. १९७३पासून चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी माउंट आहेत. पन्नास वर्षांत रबर दबतं, बॉडी एका कोपऱ्यात खाली बसते आणि आवरण तिच्याबरोबर ओढलं जातं. आधी माउंट तपासायचे. गरज असेल तिथे शिम घालायचे, म्हणजे आपल्याकडचा मेस्त्री ज्याला पॅकिंग म्हणतो त्या पातळ चकत्या. मग दांडा: त्याची भोकं लांबट असतात, त्यामुळे तो थोडा वर-खाली सरकवता येतो. चॅसीवरच्या एकाच खुणेपासून डावं-उजवं अंतर मोजून तो सरळ करायचा. आवरण शेवटी.

आवरण लावताना सुरुवात मधल्या शिवणीपासून. सगळे नट आधी सैल, मग मध्यापासून बाहेर, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. उन्हात तापू दिलं की युरेथेन जरा ऐकतं. एका टोकाला आवळलं की दुसऱ्या टोकाला फट उघडते; एक बग सुधारला की दुसरा वर येतो, तसंच.

सर्वांत शेवटी अक्षरं. मागे इंग्रजीत ‘कॉर्व्हेट’ लिहिलेलं असतं, आठ सुटी अक्षरं, चार शिवणीच्या डावीकडे आणि चार उजवीकडे. दोन अर्धे भाग दोन मिलिमीटरने वर-खाली असले, तर टेप न लावता ती चूक रस्त्यावरून दिसते. नाव मधोमध मोडतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवण सरळ झाली, अक्षरं एका ओळीत आली. वरच्या कडेची लाट मात्र थोडी राहिली. मी विचारलं, “फायबरग्लासचं घेतलं असतं तर हे पण गेलं असतं ना?” ते म्हणाले, “गेलं असतं. पण मग ठोकर बसल्यावर ते तडकलं असतं. हा भाग बनला कशासाठी?”

मला तिथे खरा पेच दिसला. फायबरग्लासचं आवरण १९७४च्या बंपरचा फोटो आहे. आकार तोच, पण धक्का खाऊन परत मूळ आकारात येणं, जे त्याचं एकमेव काम होतं, ते त्याला येत नाही. दुसरीकडे, लाटेसारखी कड घेऊन प्रदर्शनात उभं राहायचं तर बघणारे नाक मुरडतात. नवीन गाड्यांच्या सारख्या फटींची डोळ्यांना सवय झालेली असते आणि आपण तीच अपेक्षा हाताने जुळवलेल्या फायबरग्लासच्या गाडीकडून करतो. १९७४ सालीच स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी गाडी तपासते तेव्हा कसोटी वेगळी असते: कारखान्यातून निघताना गाडी जशी होती, तशी आहे का? कारखान्याच्या उणिवांसकट. गरजेपेक्षा जास्त चकाचक केलेल्या गाडीचे तिथे गुण जातात.

माझं मत शेजाऱ्यांच्या बाजूने आहे. जुळवणी जरूर करावी. झुकलेला बंपर हा इतिहास नव्हे, दुर्लक्ष आहे. पण शिवण बुजवून अखंड आवरण चढवलं, की ती गाडी १९७५ची नक्कल होते, आणि एका कायद्याच्या मागे धावताना इंजिनियरांनी काय काय केलं याची खूण पुसली जाते.

तो कायदाही टिकला नाही. १९८२ साली अमेरिकी सरकारने ८ किलोमीटरची अट निम्म्यावर, म्हणजे ४वर आणली. एमजीबी तोपर्यंत बंद झाली होती. पोर्शेचा भाता १९८९पर्यंत चालला. कॉर्व्हेटची क्रोमची पट्टी मात्र परत आली नाही. बॉडीच्या रंगाचं मऊ आवरण आणि आत लपलेला दांडा, ही रचना हळूहळू साध्या घरगुती गाड्यांपर्यंत पोचली. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या कुठल्याही हॅचबॅकच्या मागे जाऊन बसा आणि बंपर बॉडीला जिथे मिळतो ती बारीक फट बघा. डावीकडे आणि उजवीकडे ती सारखी आहे का, तेही बघा.