मोहीम संपली, सरंजाम सुरू

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून एक खोकं विक्रीला आलं. आत तीन पातळ पुस्तिका होत्या. पहिली छपाई एक हजार प्रतींची. खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण योद्धा, मांत्रिक असं एकेक पात्र घेतो, एक जण पंच होऊन जग उभं करतो, आणि घाव लागला की हुकला ते फासे ठरवतात. तळघरात शिरायचं, राक्षस मारायचे, सोनं घेऊन बाहेर पडायचं.

इतकं बहुतेकांच्या कानावर असतं. पण त्याच पुस्तिकांमध्ये तट-बुरुज बांधायला किती खर्च येतो, तिरंदाजाला महिन्याला किती पगार द्यायचा, याचे तक्तेही आहेत. योद्धा नवव्या पायरीला पोचला की त्याला ‘लॉर्ड’ म्हणायचं. त्याने गढी बांधावी, भोवतालचा वीस मैलांपर्यंतचा मुलूख साफ करावा आणि तिथल्या रहिवाशांकडून डोईमागे वर्षाला दहा मोहरा वसूल कराव्यात. भटक्या तलवारबहाद्दराचा असा जहागीरदार होतो.

हा नियम आला कुठून? त्याचं कुळ लष्करी आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच घेऊन युद्धाचा सराव करण्याची पद्धत नियमांत बांधली. तिचं नाव ‘क्रीगश्पील’. अमेरिकेत चार्ल्स टॉटन याने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ लिहून ती आपलीशी केली. ते पुस्तक मिनेसोटातल्या डेव्हिड वेझली या तरुणाच्या हाती लागलं. १९६९ मध्ये त्याने ‘ब्राउनश्टाइन’ नावाचा डाव मांडला. नेपोलियनच्या काळातलं जर्मन गाव. पण खेळाडूंच्या हाती पलटणी देण्याऐवजी त्याने एकाला नगराध्यक्ष केलं, एकाला विद्यापीठाचा कुलपती. त्या मंडळींत आर्नेसन होता. पुढे त्याने स्वतःचं ‘ब्लॅकमूर’ उभं केलं. तिथे खेळाडूंना सैन्य होतं, खर्चाला पैसे होते, लढायला शत्रू होता. गढीखालचं तळघर हा त्यातला एक कोपरा. खेळाडू त्या कोपऱ्यातच इतके रमले की वर शत्रू चालून आला, ब्लॅकमूर हातचं गेलं आणि सगळ्यांना परागंदा व्हावं लागलं. म्हणजे राज्य चालवणं हा खेळाला मागाहून जोडलेला तुकडा नव्हे. खेळ तिथूनच निघाला, तळघराने त्याला पळवून नेलं.

तळघरातून निघणाऱ्या सोन्याने एक अडचणही उभी केली. त्या पहिल्या नियमांत सोन्यावरही अनुभवाचे गुण मिळत, त्यामुळे पायरी चढेपर्यंत पात्राच्या थैलीत ढीगभर मोहरा साठत. त्यांचं करायचं काय? गढी बांधा, शिबंदी ठेवा, पगार भरा. जमीन हा फार झालेला पैसा जिरवण्याचा उपाय होता.

नगर जिल्ह्याच्या इतिहासात हीच पायरी माणसं खरोखर चढली, पण कारण नेमकं उलटं होतं. इथे जमीन दिली गेली ती पैसा नव्हता म्हणून.

निजामशाहीचा पायाच अशा चढणीवर उभा आहे. फिरिश्ता सांगतो त्यानुसार पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला एक मुलगा बहमनींच्या हाती सापडला, गुलाम म्हणून वाढला आणि मलिक हसन बहरी या नावाने राज्याचा कारभारी झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याने अहमदनगर वसवलं. शंभर वर्षांनी इथियोपियाचा मलिक अंबर त्याच वाटेने गेला. अनेकदा विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्या पदरी शिकला, आणि १५९५ च्या सुमारास दीडशे स्वारांची तुकडी घेऊन इथल्या सेवेत परतला. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर त्याने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून राज्य पुढे पाव शतक चालवलं. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला तलावाचा बांध फोडून त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांची दैना केली. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी याच लढाईत पडले. पण भातवडीमागचं बळ होतं महसुलाच्या दप्तरात. अंबरने जमिनीची प्रतवारी लावली, मक्तेदारीने वसुली देणं बंद केलं आणि रयतेचा धारा ठरवून दिला. वसुलीची खात्री होती म्हणून घोडदळ टिकलं.

मराठेशाहीत शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. सैनिकाला जमीन तोडून दिली की तो तिथला धनी होतो, हे त्यांना कळत होतं. पण १६८९ मध्ये रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि खजिना आटला. मग सरदारांना सांगणं भाग पडलं: मुलूख सोडवा, त्याचा महसूल तुमचा, फौज तुम्ही ठेवा. शाहू महाराजांच्या काळात हीच रीत रूढ झाली. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचं पथक झालं, पथकाचा सरदार झाला, सरदाराला सरंजाम मिळाला. त्यासोबत तैनातजाबता आला: किती स्वार ठेवायचे, खर्चाला कोणते महाल, किती नेमणूक. शिवाय सरदाराच्या कचेरीत फडणीस, मुजुमदार हे दरकदार सरकारने नेमलेले. सरदाराला त्यांना काढता येत नसे. ‘लॉर्ड’ होणाऱ्या योद्ध्याला खेळाने हे एक लोढणं मात्र दिलं नाही.

या चढणीचा सर्वांत ठळक माणूस मल्हारराव होळकर. बालपण तळोद्याला मामाकडे, मग कदमबांड्यांच्या पथकात, पुढे पेशवे बाजीरावांकडे. १७३२ मध्ये माळव्याची वाटणी झाली तेव्हा होळकर, शिंदे आणि पवार असे एकत्र घोडी दामटणारे सोबती आपापल्या मुलखाचे धनी झाले. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर वेगळी मिळाली. म्हणजे फौजेच्या दौलतीचा हिशेब एक आणि खासगीचा दुसरा. त्याच्या आदल्या वर्षी जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या पाटलांची, माणकोजी शिंद्यांची लेक अहिल्या या घरात सून म्हणून आली होती. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी नातू मालेराव गेले, आणि दोन्ही वह्या तिच्यासमोर आल्या. तिने फौज तुकोजी होळकरांकडे सोपवली, कारभार महेश्वरहून स्वतः पाहिला. देशभरचे घाट आणि देवळं खासगीतून झाली. मोहिमेवरून तुकोजी पैसे मागत राहिले आणि बाई हिशेब मागत राहिल्या.

टेबलावरच्या खेळात ही पायरी पुढे फार जण खेळले नाहीत. १९८४ मध्ये फ्रँक मेन्टझर यांनी ‘कंपॅनियन’ संचात जहागिरीचे आणि मोठ्या सैन्याचे तपशीलवार नियम दिले, तरी बहुतेक मंडळं तिथवर पोचेपर्यंत नवीन पात्रं घेऊन पुन्हा तळघरात शिरत. कंटाळवाण्या आकडेमोडीला दोष देणं सोपं आहे. खरी गोम वेगळी आहे. चौघांना चार गढ्या मिळाल्या की चौघांनी एकत्र निघण्याचं कारणच उरत नाही. माळव्यात तेच झालं. वाटणीनंतर साठ वर्षांनी, १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या पदरच्या डी बॉइन या युरोपीय सेनानीने तयार केलेल्या पलटणींनी होळकरांच्या फौजेचा धुव्वा उडवला. शिंद्यांचे प्रमुख महादजी तेव्हा पुण्यात होते. श्रीगोंदा आणि जामगावला ज्यांचे वाडे, ते शिंदे आणि चौंडीच्या लेकीची दौलत राखणारे होळकर समोरासमोर आले. दोघांची सुरुवात एकाच छावणीत झाली होती.

खेळ रचणाऱ्यांनी यावर दोन तोडगे काढले. २०१० मधल्या ‘किंगमेकर’ या मोहीममालेत सगळ्या पात्रांना मिळून एकच राज्य मिळतं: एक राजा, एक सेनापती, एक खजिनदार. महेश्वरची मांडणी याच जातीची होती, आणि खजिनदार-सेनापतीची कुरबुरही तिथे होतीच.

दुसरा तोडगा ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या ‘पेंड्रागॉन’चा. त्यात वर्षातून एक मोहीम, मग हिवाळा. हिवाळ्यात सरदार घरी बसतो, पीक कसं आलं ते बघतो, घोडी मेली की जगली ते फाशांवर कळतं, मुलं होतात, आणि सरदार मेला तर खेळाडू त्याच्या मुलाला घेऊन पुढे खेळतो. मराठी फौजांची ही वेळ पावसाळ्याची. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि पावसाच्या तोंडाला छावणी. नद्या फुगल्या की लढाई थांबे आणि कर्ज, पगार, नवी घोडी यांचा निकाल लागे. त्या चार महिन्यांत ज्याचा हिशेब बसे, त्याच्याच पथकाला पुढच्या दसऱ्याला निघता येई. जहागिरीचा खेळ मांडायचा असेल, तर पंचाने पहिली पाळी पावसाळ्याची द्यावी.