कोकण रेल्वे (1990-1998) : प्रकल्प व्यवस्थापन आराखड्याची निर्मिती व उपयोग – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

प्रकल्प व्यवस्थापन हा विषय भारतातील महाविद्यालयांत प्रामुख्याने पाश्चात्त्य उदाहरणांच्या आधारे शिकविला जातो. हेन्री गँट यांचे तक्ते, ड्यू पाँट कंपनीत विकसित झालेली 'क्रिटिकल पाथ' पद्धती, अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र कार्यक्रमातील 'पर्ट' तंत्र यांचा उल्लेख प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतो. तथापि आराखडा प्रत्यक्षात कसा तयार होतो, तो कोणाच्या हातात असतो आणि परिस्थिती बदलल्यावर त्याचे काय होते, या प्रश्नांची उत्तरे देणारे एक मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरच घडले आहे. ते म्हणजे कोकण रेल्वे. प्रस्तुत लेखात या प्रकल्पाच्या नियोजनाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. आराखड्यात ज्या गोष्टी बदलण्याचा अधिकार प्रकल्पप्रमुखांकडे होता, तेथे तो कमालीचा यशस्वी ठरला. ज्या गोष्टी आराखड्याने स्थिर म्हणून गृहीत धरल्या, त्यांनीच पुढे त्याची परीक्षा घेतली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पार्श्वभूमी

कोकणातून रेल्वे जावी ही मागणी जुनी होती. राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांनी ती संसदेत सातत्याने लावून धरली. उत्तरेकडून दिवा-पनवेल मार्ग टप्प्याटप्प्याने वाढत 1986 मध्ये रोह्यापर्यंत पोहोचला आणि तेथेच थांबला. दक्षिणेकडून मंगळूर ते मडगाव या भागाचे सर्वेक्षण 1980 च्या दशकात दक्षिण रेल्वेने केले. म्हणजे 1990 पूर्वी नकाशे होते, सर्वेक्षणे होती, आश्वासनेही होती. नव्हता तो पैसा आणि काम तडीस नेणारी स्वतंत्र यंत्रणा. रेल्वेच्या वार्षिक अंदाजपत्रकातून दरवर्षी मिळणाऱ्या तुटपुंज्या तरतुदीवर हा मार्ग पूर्ण व्हायला कित्येक दशके लागली असती.

डिसेंबर 1989 मध्ये केंद्रात सत्तांतर झाले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री झाले. एक मूळचे मंगळूरचे, दुसरे राजापूरचे खासदार. हा राजकीय योगायोग निर्णायक ठरला, हे मान्य केले पाहिजे. उत्तम आराखड्यालाही अनुकूल क्षण लागतो.

आराखड्याची निर्मिती : कंपनी, पैसा आणि काळ

19 जुलै 1990 रोजी कोकण रेल्वे महामंडळाची कंपनी म्हणून नोंदणी झाली आणि भारतीय रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले अभियंता ई. श्रीधरन यांची अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक म्हणून नियुक्ती झाली. 1964 च्या वादळात उद्ध्वस्त झालेला पांबन पूल 46 दिवसांत उभा करणारे अभियंते म्हणून त्यांचा लौकिक होता. महामंडळाच्या भागभांडवलात रेल्वेचा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15 आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी 6 टक्के वाटा ठरला. उर्वरित निधी मुख्यतः करमुक्त रोख्यांद्वारे बाजारातून उभारावयाचा होता.

ही अर्थरचना केवळ हिशेबाची बाब नव्हती. संपूर्ण आराखड्याचे स्वरूप तिच्यातून निश्चित झाले. रोख्यांवरील व्याज काम पूर्ण होवो वा न होवो चालूच राहणार होते. गाडी धावेपर्यंत उत्पन्न शून्य आणि व्याज मात्र दररोज वाढणारे, अशा स्थितीत विलंब हाच सर्वांत मोठा खर्च ठरतो. सरकारी बांधकामात सामान्यतः खर्चावर काटेकोर लक्ष असते व वेळ सैल सोडली जाते. येथे हा क्रम उलटा झाला. पाच वर्षांचे लक्ष्य ठरविण्यात आले आणि इतर सर्व निर्णय त्या लक्ष्याला जोडण्यात आले.

रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार व उडुपी अशा सात विभागांत वाटण्यात आला. प्रत्येक विभाग साधारण शंभर किलोमीटरचा आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. निर्णयाचे अधिकार या अभियंत्यांकडे होते, प्रत्येक कागद बेलापूरच्या मुख्यालयात पाठविण्याची गरज नव्हती. कंपनी असल्यामुळे रेल्वे बोर्डाच्या दीर्घ निविदाप्रक्रियेतूनही बरीच सुटका झाली. कंत्राटदारांना यंत्रसामग्रीसाठी आगाऊ रक्कम व देयके वेळेवर देण्याचे धोरण होते. या शेवटच्या मुद्द्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कंत्राटदाराचे बिल महिनोन्महिने अडवून त्याच्याकडून वेगाची अपेक्षा करणे हा आपल्याकडील सार्वजनिक बांधकामाचा जुनाच दोष आहे.

आराखड्याचा उपयोग

मार्गाची रचना ताशी 160 किलोमीटर वेगासाठी करण्यात आली. त्यासाठी चढ दीडशेला एकपेक्षा तीव्र नसावा आणि वक्राची त्रिज्या 1250 मीटरपेक्षा कमी नसावी असा निकष होता. सह्याद्रीचे फाटे आणि खाड्या एकामागून एक ओलांडणाऱ्या या प्रदेशात अशा निकषांचा अर्थ स्पष्ट होता : डोंगराला वळसा घालता येणार नाही, तो फोडावाच लागेल. परिणामी नव्वदहून अधिक बोगदे (एकूण लांबी सुमारे 84 किलोमीटर) आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल बांधावे लागले. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा त्या काळी देशातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. पानवल नदीवरील 64 मीटर उंचीच्या पुलासाठी गर्डर एका टोकाला तयार करून खांबांवरून पुढे ढकलण्याचे तंत्र वापरण्यात आले. बेसाल्टच्या कातळात छिद्रे पाडण्यासाठी स्वीडनहून हायड्रॉलिक यंत्रे आणण्यात आली.

काम सर्व विभागांत एकाच वेळी सुरू झाले, परंतु रूळ जसे तयार होतील तसे वाहतुकीस खुले करण्यात आले. दक्षिण टोकाचा उडुपीपर्यंतचा आणि उत्तर टोकाचा रोहा-वीर हे भाग 1993 मध्येच सुरू झाले. 1996 अखेर गाडी सावंतवाडीपर्यंत आली. या टप्प्यांमुळे थोडे उत्पन्न मिळू लागले, हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोकांना गाडी दिसली. चाळीस हजारांहून अधिक खातेदारांची जमीन घेणाऱ्या प्रकल्पाला या विश्वासाची गरज होती.

या वेगाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. बांधकामात 74 जणांचा मृत्यू झाला. रत्नागिरी स्थानकाजवळ त्यांचे स्मारक आहे. व्यवस्थापनाच्या लेखनात या प्रकल्पाचा गौरव करताना ही संख्या क्वचितच येते.

आराखड्याच्या मर्यादा : गोवा आणि पेडणे

कोकणातील कातळ जितका कठीण, तितका तो अंदाजात बसणारा होता. गोव्यात मात्र दोन प्रकारे आराखडा अडला. किनाऱ्याजवळून जाणाऱ्या मार्गामुळे खाजण जमिनी आणि जुने गोवे येथील वारसावास्तूंना धोका पोहोचेल, अशी भूमिका घेऊन तेथे तीव्र आंदोलन झाले. मार्ग पूर्वेकडे सरकवावा अशी मागणी होती. 1993 मध्ये केंद्राने काम थांबवून न्या. ओझा यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. अखेर मार्ग बव्हंशी कायम राहिला, पण मौल्यवान महिने गेले. आराखड्यात खातेदाराला जमिनीचा मोबदला देण्याची तरतूद होती. जमिनीशी असलेल्या नात्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या समाजाशी बोलण्याची तरतूद नव्हती. आंदोलकांच्या सर्व शंका रास्त होत्या असे नाही, परंतु मार्ग निश्चित झाल्यानंतर संवाद सुरू करणे हा क्रमच चुकीचा होता.

दुसरा अडथळा भूगर्भातला. मार्गावरील नऊ बोगदे मऊ मातीतून जात होते. त्यांपैकी पेडणे येथील सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा सर्वांत त्रासदायक ठरला. पाण्याने भरलेली चिकणमाती खोदताच आत येई आणि अनेकदा केलेले काम गाडले जाई. येथे स्वीडनची यंत्रे निरुपयोगी होती, सारे काम हाताने, इंचाइंचाने करावे लागले. करबुड्यापेक्षा चौपटीने लहान असलेल्या या बोगद्यामुळे संपूर्ण मार्ग अडून राहिला. 26 जानेवारी 1998 रोजी सलग मार्गावर पहिली गाडी धावली. पाचाऐवजी सात वर्षांहून अधिक काळ लागला आणि व्याजासह खर्च साडेतीन हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. तरीही 1988 मध्ये पायाभरणी झालेला विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्प पुढे किती दशके रेंगाळला हे पाहता, हा विलंब किरकोळच म्हणावा लागेल.

1998 नंतर

आराखड्याचे मूल्यमापन उद्घाटनाच्या दिवशी थांबविल्यास चित्र अपुरे राहते. डोंगर कापून केलेल्या कटिंगच्या भिंती उघड्या राहिल्या होत्या. जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरात पाणी मुरले की तो सैल होतो, हे कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. कटिंगचा उतार जितका सौम्य ठेवावा, तितकी जमीन, खोदकाम आणि वेळ वाढतो. आणि वेळ हीच तर या आराखड्यातील सर्वांत महाग वस्तू होती. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे कारवारहून मुंबईकडे जाणारी विशेष गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. 16 जून 2004 रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अशाच कारणाने अपघात झाला.

त्यानंतर कटिंगचे उतार कमी करणे, दरडींवर जाळ्या बसविणे, पावसाळ्यात गस्त वाढविणे ही कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. पावसाळ्यासाठी मंद गतीचे स्वतंत्र वेळापत्रक हा आता या मार्गाचा नित्य भाग आहे. ताशी 160 किलोमीटरसाठी आखलेला मार्ग वर्षातील काही महिने त्या वेगापासून फार दूर असतो. बांधकामाच्या वेळी वाचविलेल्या काळाचा काही हिस्सा अशा रीतीने दरवर्षी परत द्यावा लागतो.

पेडणे बोगद्याची गोष्टही 1998 मध्ये संपलेली नाही. ऑगस्ट 2020 मध्ये त्याच्या भिंतीचा भाग कोसळल्याने वाहतूक अनेक दिवस अन्य मार्गाने वळवावी लागली, आणि जुलै 2024 मध्ये बोगद्यात पाणी व चिखल झिरपल्याने गाड्या पुन्हा थांबल्या.