तडीवाला रोड ते बिग बॉस : एमसी स्टॅन ऊर्फ अल्ताफ शेखची वाटचाल

मागच्या वर्षी नववीच्या एका मुलाची वही आम्ही जप्त केली होती. शेवटच्या आठ-दहा पानांवर गणिताऐवजी गाणी होती, त्याने स्वतः लिहिलेली. भाषा निम्मी उर्दू, निम्मी वऱ्हाडी आणि मधूनमधून शिवी. आम्ही रागावलो. त्याने मान खाली घालून एवढंच म्हटलं, "सर, स्टॅन पण असाच लिहितो." तेव्हा लक्षात आलं, की ज्याचं नाव घेऊन आमची मुलं लिहू लागली आहेत, त्याच्याबद्दल आम्हा शिक्षकांना आणि पालकांना फारसं काही ठाऊकच नाही. मग आम्ही माहिती गोळा केली. यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेडच्या ज्या घरांत हे नाव रोज कानावर पडतं, तिथल्या अम्मी-अब्बूंसाठी ती इथे एकत्र देत आहोत.

कोण आहे एमसी स्टॅन?

खरं नाव अल्ताफ शेख. काही ठिकाणी आडनाव तडवी असंही छापून येतं. जन्म 30 ऑगस्ट 1999, पुणे. पुणे स्टेशनजवळच्या तडीवाला रोडच्या वस्तीत तो लहानाचा मोठा झाला. घर साधं, पैशांची ओढाताण नेहमीची. ही वस्ती त्याने कधी लपवली नाही. उलट गाण्यांत आणि मुलाखतींत तो तिचं नाव अभिमानाने घेतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. त्याची सुरुवात कव्वालीपासून झाली. वयाच्या बाराव्या वर्षी तो कव्वाली गात होता. पुढे मोठ्या भावामुळे त्याला इंग्रजी हिपहॉप ऐकायला मिळालं आणि गाडी त्या रुळावर गेली.

कव्वालीतून लोकप्रिय गाण्याकडे येणं आपल्या भागाला नवीन नाही. नागपुरात जन्मलेले अल्ताफ राजा हे कव्वालांच्या घरातलेच. त्यांचे आई-वडील दोघंही कव्वाली गात. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला त्यांचा 'तुम तो ठहरे परदेसी' हा अल्बम विदर्भातल्या प्रत्येक पानठेल्यावर आणि काळी-पिवळीत वाजत होता, हे आमच्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. त्या अल्ताफनंतर हा दुसरा अल्ताफ. फरक असा, की हा स्वतःची गाणी स्वतः लिहितो आणि त्यांचं संगीतही बहुतेक वेळा स्वतःच तयार करतो.

रॅप म्हणजे नेमकं काय?

रॅप म्हणजे तालावर बोललेलं काव्य. हिपहॉप ही संस्कृती 1973 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, गरीब वस्त्यांत जन्मली. खालच्या तालाला 'बीट' म्हणतात, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीला 'हुक' आणि दुसऱ्या गायकाला टोला मारणाऱ्या गाण्याला 'डिस'. मुशायरा ऐकलेल्या घराला हे समजायला जड नाही. काफिया इथेही लागतो, फक्त तो ओळीच्या शेवटी एकदाच येत नाही, तर ओळीच्या पोटातही दोन-तीनदा येतो. आणि एकमेकांना जवाब देणाऱ्या कव्वालांचे मुकाबले ज्यांनी रात्रभर जागून ऐकलेत, त्यांना 'डिस' काय असतं हे वेगळं सांगायला नको.

आपल्या राज्यात ही लाट मुंबईतून आली. कुर्ल्याच्या नावेद शेखचं, म्हणजे नेझीचं, 'आफत' हे गाणं 2014 मध्ये गाजलं. 2015 मध्ये डिव्हाइन आणि नेझीचं 'मेरे गली में' आलं. फेब्रुवारी 2019 मध्ये 'गली बॉय' चित्रपट आला आणि वस्तीतला रॅप घराघरांत पोहोचला. पुण्याचा स्टॅन याच काळात पुढे आला.

गाणी आणि अल्बम

2018 च्या 'वाटा' या गाण्याने त्याचं नाव झालं. 2019 मध्ये 'खुजा मत' आणि 'अस्तग़फ़िरुल्लाह' आली. दुसऱ्या गाण्याचं नाव आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. त्यात तो आपल्या मागच्या आयुष्याकडे वळून बघतो. 2020 मध्ये 'तडीपार' आणि 2022 मध्ये 'इन्सान' असे दोन अल्बम आले.

'तडीपार' हा शब्द आपल्या पोलीस ठाण्यांतला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 55 ते 57 खाली एखाद्याला ठरावीक काळासाठी जिल्ह्याबाहेर काढता येतं, त्याला लोक तडीपारी म्हणतात. वस्तीतल्या मुलाला हा शब्द शाळेत शिकवावा लागत नाही. स्टॅनने तोच उचलून अल्बमच्या कपाळावर लावला.

बिग बॉस आणि अमरावतीचा दोस्त

ऑक्टोबर 2022 मध्ये तो 'बिग बॉस'च्या 16 व्या पर्वात गेला. पहिले काही आठवडे तो गप्प, कंटाळलेला, घरी जायच्या गोष्टी करणारा दिसला. पुढे शिव ठाकरे, अब्दू रोझिक, साजिद खान अशांची 'मंडली' जमली आणि तो खुलला. 12 फेब्रुवारी 2023 च्या अंतिम फेरीत स्टॅन जिंकला. 31 लाख 80 हजार रुपये आणि एक गाडी मिळाली. दुसरा आला शिव ठाकरे, आपल्या शेजारच्या अमरावतीचा. त्याने 2019 मध्ये मराठी 'बिग बॉस'चं दुसरं पर्व जिंकलेलं होतं. शेवटच्या दोघांत एक पुण्याच्या वस्तीतला अल्ताफ आणि एक अमरावतीचा शिव. हरला तरी शिवच्या चेहऱ्यावर दोस्त जिंकल्याचा आनंद होता. आपल्याकडे ते दृश्य अनेक घरांनी मिळून पाहिलं.

त्याची भाषा

स्टॅनची हिंदी पुस्तकातली नाही. ती दखनी वळणाची, मराठीत मिसळलेली, पुण्याच्या गल्लीतली आहे. त्याचा गाजलेला 'शेमडी' हा शब्द म्हणजे आपला मराठीच 'शेंबडी'. आमच्या वर्गातली मुलंही अशीच बोलतात. घरात एक, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी. उर्दूच्या तासाला आम्ही म्हणतो, तलफ्फुज नीट कर. मराठीच्या तासाला म्हणतो, ही वऱ्हाडी इथे नको. खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं आम्ही या मुलांना त्यांच्या बोलीची शरम वाटेल असंच वागलो. त्याच बोलीवर एका मुलाने नाव कमावलं, हे मुलांनी पाहिलं. त्याच्या जाडजूड साखळीपेक्षा आणि 80 हजारांच्या बुटांपेक्षा मुलांना ओढणारी गोष्ट ही आहे, असं आम्हाला वाटतं.

आक्षेप

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच्या बऱ्याच गाण्यांत शिव्या आहेत, बायकांबद्दल हलके शब्द आहेत, नशेचे उल्लेख आहेत. मार्च 2023 मध्ये इंदूरला त्याचा कार्यक्रम विरोधामुळे रद्द झाला. विरोध करणाऱ्यांचा आक्षेप याच शब्दांवर होता. कार्यक्रम उधळून लावणं आम्हाला मान्य नाही. पण बारा वर्षांच्या मुलीसमोर ते गाणं लावता येत नाही, हेही तितकंच खरं. वस्तीत असंच बोलतात, असं उत्तर मिळतं. वस्तीत अदबीने बोलणारेही असतात, हे आपण वस्तीतलेच लोक जाणतो.

संगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो फैसला करण्याचा आमचा अधिकार नाही. प्रत्येक घराने तो आपल्या समजुतीने करावा.

मुलगा लिहीत असेल तर

यशाची ही एक गोष्ट आहे. असेच लिहिणारे हजारो जण नोकरी शोधत आहेत, हे मुलाला प्रेमाने सांगावं. शिक्षण सुटता कामा नये.

पण लिहिणं हा हुनर आहे आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. कॉपीराइट कायदा 1957 नुसार गाणं लिहिलं की हक्क लिहिणाऱ्याचा असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून ती कामी येते. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं टिकतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेकडे देता येतो. मुंबईची आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची अशी संस्था, 1969 पासून आहे. म्हणून 'गाणं रिलीज करून देतो' म्हणत कोणी पैसे मागितले किंवा कोऱ्या कागदावर सही मागितली, तर सही करू नये. मुलगा 18 वर्षांखालचा असेल तर करार पालकांनी वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये.

त्या मुलाची वही आम्ही परत दिली. एक अट घातली. हेच गाणं शिव्यांशिवाय लिहून आण, काफिया तुटता कामा नये. आठवड्याने तो आला. दोन शिव्या निघाल्या होत्या आणि त्या जागी आलेले शब्द आधीपेक्षा चांगले होते. तिसरीला शब्द सापडत नाही म्हणाला. मग मधल्या सुट्टीत आम्ही दोघं लुगत घेऊन बसलो. अजून सापडलेला नाही, शोध चालू आहे.