शब्द फोडा, व्यवस्था उलगडेल

१९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली १९३६ साली एक आदेश निघाला. त्या आदेशाने मुंबई प्रांतातल्या काही मुलखाला 'पार्शली एक्सक्लूडेड एरिया' असे नाव दिले. मराठीत म्हणायचे तर 'अंशतः वगळलेले क्षेत्र'. ठाणे जिल्ह्यातले डहाणू आणि शहापूर तालुके, मोखाडा आणि उंबरगाव हे पेटे या यादीत होते. म्हणजे बोर्डीपासून तलासरीपर्यंतचा सगळा वारली मुलूख एका इंग्रजी शब्दात बसवला गेला. ज्या माणसाच्या घराभोवती ही रेघ ओढली, त्याला तो शब्द वाचता येत नव्हता. त्याच्या कर्जाचा कागद सावकाराच्या पेटीत होता आणि त्याच्या मुलखाचे नाव सरकारच्या दप्तरात.

हा शब्द फोडून पाहू. 'एक्स' हा लॅटिन उपसर्ग, अर्थ 'बाहेर'. 'क्लूड'च्या मागे 'क्लाउडेरे' हे लॅटिन क्रियापद आहे; अर्थ 'बंद करणे'. एक्सक्लूड म्हणजे बाहेर ठेवून दार लावून घेणे. सरकारचे म्हणणे असे की हे आदिवासींच्या संरक्षणासाठी आहे. प्रांताचे कायदे इथे आपोआप लागू होऊ नयेत, गव्हर्नरने या भागाकडे खास लक्ष द्यावे. पण दार लागले तेव्हा वारल्यांसोबत जमीनदार आणि सावकारही आतच होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने मालकाकडे राबत राहायचे, ही 'लग्नगडी' पद्धत तशीच चालू राहिली. वेठ चालू राहिली. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने याच वगळलेल्या क्षेत्रांवर अहवाल लिहिला आणि ही गुलामी सरकारी कागदावर आली. ती हादरवायला मात्र १९४५ चा वारल्यांचा उठाव लागला.

आता दुसरा शब्द घ्या, आज सगळ्यांच्या तोंडी असलेला: 'इन्क्लूजन'. समावेशन. सरकारी योजनांत, संस्थांच्या प्रकल्पांत, कंपन्यांच्या जाहिरातींत तो सापडतो. 'इन' म्हणजे आत, आणि मूळ तेच, 'क्लाउडेरे'. आत घेऊन दार लावणे! म्हणजे बाहेर काढणे आणि आत घेणे या दोन्ही शब्दांत दार एकच आहे. मग प्रश्न असा की कडी कोणाच्या हाती आहे? मूळ ठाऊक असलेला कार्यकर्ता हा प्रश्न विचारतो. पाठ केलेला शब्द घेऊन आलेला माणूस 'समावेशन' ऐकून टाळ्या वाजवतो.

आपल्या शाळांत इंग्रजी शब्द कसे शिकवले जातात? एक्सक्लूड म्हणजे वगळणे, इन्क्लूड म्हणजे समाविष्ट करणे, कन्क्लूड म्हणजे निष्कर्ष काढणे. दहा शब्द, दहा अर्थ, दहा वेळा लिहा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, पण घोकंपट्टी गेली नाही. घरात इंग्रजी वर्तमानपत्र असलेल्या मुलाला शब्द कानावरून कळत जातात. पाड्यावरच्या, वस्तीतल्या मुलाला तो आधार नाही. त्याला उपसर्ग आणि मूळ ही दोन हत्यारे दिली, तर तो एका शब्दावरून दहा शब्द स्वतः उघडू शकतो.

आणि हे आपल्याला परके नाही. 'नापास' हा शब्द पाहा. 'पास' इंग्रजी, त्याला आपण 'ना' लावला आणि काम चालू केले. बेकायदा, गैरहजर, बिनपगारी हे शब्द निरक्षर मजूरही रोज अचूक वापरतो. आपल्या पालीत बघा: अनिच्च, अनत्ता. 'अ' किंवा 'अन्' लागला की नकार. इंग्रजीतला 'अन', लॅटिनमधला नकारार्थी 'इन', ग्रीकमधला 'अ' आणि पालीतला हा 'अ' ही एकाच भाषाकुळातली भावंडे आहेत. 'अनटचेबल' फोडा: अन, टच, एबल. 'अस्पृश्य' फोडा: अ, स्पृश्य. दोन्ही शब्दांत 'स्पर्श' हे मूळ माणुसकीचे आहे. अन्याय पुढे जोडलेल्या अक्षरात आहे. जे जोडले गेले ते काढताही येते.

शब्द फोडण्याची ही विद्या या देशात शतकानुशतके कुलूपबंद होती. उपसर्ग आणि धातू यांचे शास्त्र संस्कृतात होते आणि संस्कृत आपल्याला वर्ज्य होते. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या मेहनतीने मिळवले. पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करण्याचे कामही केले. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या १६ व्या खंडात ते आहे. ज्याला शब्दाच्या दाराबाहेर ठेवले, त्याने शब्दकोश रचला.

बाबासाहेबांच्या विचारात शब्दाची बांधणी किती खोलवर गेली आहे, हे तीन ठिकाणी स्पष्ट दिसते.

पहिले ठिकाण कोलंबिया विद्यापीठ, ९ मे १९१६. पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याचा कणा दोन शब्दांचा आहे: 'एंडोगॅमी' आणि 'एक्सोगॅमी'. ग्रीकमध्ये 'एंडो' म्हणजे आत, 'एक्सो' म्हणजे बाहेर, 'गामोस' म्हणजे लग्न. भारतीय समाज मुळात गोत्राबाहेर लग्न करणारा. त्यावर जातीच्या आतच लग्न करण्याचे बंधन लादले गेले आणि जात घडली, असे त्यांनी मांडले. तेव्हाचे विद्वान जातीचे मूळ वंशात, धंद्यात शोधत होते. बाबासाहेबांनी दाखवले की 'बाहेर'वर 'आत' चढवले, तिथे जात जन्मली. त्या बंदिस्तपणाची किंमत बाईने मोजली, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांच्या रूपाने, हेही त्यांनी तिथेच सांगितले.

दुसरे ठिकाण लंडन, १९३१ ची दुसरी गोलमेज परिषद. सरकारी भाषेत आपण 'डिप्रेस्ड क्लासेस' होतो. 'डि' म्हणजे खाली, 'प्रेस' म्हणजे दाबणे. खाली दाबलेले वर्ग. बाबासाहेब आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदनात या नावावर हरकत घेतली आणि पर्याय सुचवले. त्यांत 'प्रोटेस्टंट हिंदू' आणि 'नॉनकन्फॉर्मिस्ट हिंदू' ही नावे होती. 'प्रो' म्हणजे पुढे, 'टेस्टारी' म्हणजे साक्ष देणे. प्रोटेस्ट म्हणजे चारचौघांत पुढे येऊन साक्ष देणे. 'नॉन' म्हणजे नाही, 'कन' म्हणजे सोबत, 'फॉर्म' म्हणजे आकार. नॉनकन्फॉर्मिस्ट म्हणजे तुमच्या साच्यात बसायला नकार देणारा. 'दाबलेला' हा दुसऱ्याने काहीतरी केलेला माणूस आहे. 'साक्ष देणारा' स्वतः उभा राहतो. ती नावे स्वीकारली गेली नाहीत, पण त्यांतून बाबासाहेब आपल्याकडे कसे पाहत होते ते कळते.

तिसरे ठिकाण १९३६, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि होऊ न दिलेले भाषण. 'रिफॉर्म' हा शब्द त्या काळी सगळ्यांच्या सोयीचा होता. 'रि' म्हणजे पुन्हा, 'फॉर्म' म्हणजे आकार. माती तीच, घडण नवी. बाबासाहेबांनी शीर्षकात शब्द घातला 'ॲनायहिलेशन'. त्यात लॅटिन 'निहिल' आहे, म्हणजे काहीही नाही. जात शून्यावर आणणे. मराठीत आपण 'निर्मूलन' म्हणतो, त्यात 'मूल' आहे, मुळासकट उपटणे. सुधारणा आणि निर्मूलन यांतला फरक ज्याला शब्दात दिसतो, त्याला तो चळवळीतही दिसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. शब्द कोण फोडतो यावर बरेच ठरते. 'महार' हा शब्द महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त 'महाअरी' असा फोडला. आर्यांचा मोठा शत्रू. तोच शब्द 'मृत' आणि 'आहार' असा फोडणारी व्युत्पत्ती भांडारकरांच्या नावावर सांगितली जाते. एकाने त्यात योद्धा पाहिला, दुसऱ्याने मेलेले खाणारा. तेव्हा मूळ सांगितले की वाद संपला असे समजू नका. शब्दकोश उघडा, पडताळा, आणि त्या शब्दाने आज कोणाचे काय होते ते तपासा. इंग्रजीतही 'इन' दोन आहेत: 'इन्क्लूड'मधला आतला आणि 'इनइक्वॅलिटी'मधला नकाराचा. घाई केली तर फसगत होते.

आता पुन्हा बोर्डीला येऊ. १९४५ मध्येच ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, या प्रयोगातून 'अंगणवाडी' रुजली. आईला दोन्ही तुकडे कळतात असा हा शब्द. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो देशभराच्या इंग्रजी कागदांत गेला. पण त्याच अंगणवाडीत राबणाऱ्या बाईला वेतन नाही, 'मानधन' मिळते. मान अधिक धन! मान देतो म्हटले की पगार टळतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आणि त्या कायद्यापुरते हे मानधन वेतनातच धरले. खटला दाहोदचा होता. १९३६ च्या त्याच वगळलेल्या यादीत दाहोदही होते.

आज डहाणू-तलासरीत बुलेट ट्रेन आहे, वाढवण बंदर आहे. नोटिसांतून नवे शब्द येत आहेत. 'कॉम्पेन्सेशन'मध्ये 'पेंडेरे' आहे, म्हणजे वजन करणे. तराजू कोणाच्या हातात? 'रिहॅबिलिटेशन'मध्ये 'हॅबिलिस' आहे, म्हणजे सक्षम. पुन्हा सक्षम कोण झाले ते दाखवा. 'कन्सेंट'मध्ये 'कन' म्हणजे सोबत आणि 'सेंटिरे' म्हणजे जाणणे. ग्रामसभेला न कळता घेतलेली सही ही संमती कशी?

म्हणून विनंती आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासवर्गात एक वही ठेवा. आठवड्याला पाच शब्द घ्या. पाठ्यपुस्तकातले नकोत, आपल्या वस्तीवर आलेल्या नोटिशीतले, अर्जातले, निकालातले. उपसर्ग वेगळा करा, मूळ शोधा, मराठीत अर्थ लिहा. आणि खाली एक ओळ लिहा: हा शब्द आपल्याला आत घेतो की बाहेर ठेवतो, आणि कडी कोणाकडे आहे?

जय भीम!